मैदा वगळून : पेसाहच्या चॉकलेट केकचा मागोवा

ठाण्यात आम्ही राहायचो त्या चाळीत आमच्या शेजारी एक बेने इस्रायली कुटुंब होते. त्या घरातल्या मावशींचे आणि माझ्या आईचे जाणे-येणे रोजचे. वाटीत साखर न्यायची, ती वाटी परत करताना त्यात काहीतरी घालून आणायचे, असा तो शेजार. मी कॉलेजात असताना आमच्याकडे नवा ओव्हन आला आणि मला केक करण्याचे वेड लागले. मावशींचा पेसाहचा सण जवळ आला होता. ‘सणात आम्हाला पाव, बिस्किटं, केक काही चालत नाही,’ हे त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकले होते. एका इंग्रजी मासिकात मला नेमकी ‘पेसाहसाठी बिनमैद्याचा चॉकलेट केक’ अशी पाककृती सापडली. अंडी, साखर, बदामाची पूड आणि चॉकलेट. मी तो केक केला आणि सणाच्या दिवशी दुपारी ताट घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

मावशींनी ताट हातात घेतले नाही. नुसते वाकून पाहिले.

‘मैदा नाही म्हणतेस ना? मग हे कडेला पांढरं काय लागलंय?’

मी म्हटले, ‘केक चिकटू नये म्हणून डब्याला आतून लोणी लावून मैदा भुरभुरवला होता. अगदी चमचाभर.’

‘आणि लोणी,’ मावशी हसल्या. ‘आज रात्री आमच्या जेवणात मटण आहे गं.’

मी हिरमुसले. त्यांनी मला आत बसवले, खजुराचा शिरा दिला आणि म्हणाल्या, ‘वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या आईच्या एकादशीला मी साबुदाण्याच्या खिचडीत कांदा चिरून घातला, तर ती खाईल का? चमचाभरच असला तरी?’

तो केक संध्याकाळी माझ्या भावांनी संपवला. मावशींचे म्हणणे पटले होते, पण कोडे सुटले नव्हते. त्याच दुपारी त्यांच्या टेबलावर पांढऱ्या कापडाखाली मात्सा झाकून ठेवला होता, आणि मात्सा तर गव्हाच्या पिठाचाच असतो. ज्या सणाचे मुख्य अन्नच गव्हाचे, त्या सणाला चमचाभर मैदा का चालू नये? आणि या सणाशी चॉकलेटचा संबंध कधी आला? या दोन प्रश्नांनी पुढे मला अनेक पुस्तकांपाशी नेले. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडते आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमातच आहे. पेसाह हा इजिप्तमधल्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा सण. निसान महिन्याच्या पौर्णिमेला तो सुरू होतो, म्हणजे बहुधा आपल्या चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे. इस्रायलमध्ये तो सात दिवस पाळतात, बाहेरच्या देशांत आठ. निघण्याची इतकी घाई झाली की कणीक आंबायलाही वेळ मिळाला नाही, या आठवणीसाठी त्या दिवसांत आंबवलेले अन्न वर्ज्य. या वर्ज्य पदार्थाला हिब्रूत हामेत्स म्हणतात. मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेने त्यासाठी पाच धान्ये ठरवून दिली. पुढच्या परंपरेने ती गहू, बार्ली, स्पेल्ट नावाचा जुना गहू, राय आणि ओट अशी मानली. यांपैकी कशाच्याही पिठाला पाणी लागले आणि ते तसेच राहू दिले, की ते हामेत्स झाले. किती वेळ राहू द्यायचे? पुढे रूढ झालेला हिशेब 18 मिनिटांचा आहे. पाणी पिठात पडल्यापासून 18 मिनिटांच्या आत लाटून, टोचे मारून भट्टीतून बाहेर काढला तर तो मात्सा. त्याहून उशीर झाला तर हामेत्स.

म्हणजे मनाई पिठाला नाही, पिठाच्या आंबण्याला आहे. गहू या सणात अत्यावश्यकही आहे आणि सर्वांत धोक्याचाही. माझ्या डब्यातला चमचाभर मैदा अंड्याच्या ओलाव्यात भिजून ओव्हनमध्ये चाळीस मिनिटे बसला होता. मावशींच्या दृष्टीने तो प्रश्न प्रमाणाचा नव्हताच.

मग केक कशावर फुगतो? अंड्यांवर. पांढरे वेगळे काढून घट्ट फेटले की त्यात हवा कोंडली जाते. ती हवा ओव्हनच्या उष्णतेत फुगते आणि केक वर येतो. हे फुगणे आंबवण्याचे नाही, त्यामुळे धर्मशास्त्राची त्याला हरकत नाही. ज्यू घरांत मात्सा दळून त्याच्या पिठाचेही केक होतात, कारण एकदा भाजलेले पीठ पुन्हा आंबू शकत नाही. परंतु पूर्व युरोपातल्या हसीदी पंथीयांनी तेही टाळले. मात्स्यात एखादी कोरडी पिठाची गाठ राहून गेली असली तर पाणी लागताच ती आंबेल, ही त्यांची भीती. शिवाय युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंनी तेराव्या शतकापासून तांदूळ, डाळी, वाटाणे असे धान्यासारखे दिसणारे पदार्थही सणापुरते वर्ज्य केले. मग उरले काय? अंडी, साखर, बटाट्याचे सत्त्व आणि दाणेदार कूट होईल असा सुकामेवा. त्यातच मांस आणि दूध एका जेवणात खायचे नाही हा बारमाही नियम. सणाच्या रात्री जेवणात मांस असेल तर शेवटच्या गोडात लोणी, दूध, साय काही नको. काळे, दूध नसलेले चॉकलेट इथे फार सोयीचे पडले. कोकोची बी झाडाच्या फळातली. ती धान्यही नाही आणि डाळही नाही. बिनमैद्याचा चॉकलेट केक घडला तो असा एकावर एक नियमांच्या चाळणीतून.

आता कोकणाकडे वळते, कारण मावशींच्या घरचा पेसाह या युरोपीय नियमावलीतून आलेला नव्हता. बेने इस्रायल कोकण किनाऱ्यावर अनेक शतके इतर ज्यू समाजांपासून दूर राहिले. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. 1897 मध्ये लिहून झालेला तो ग्रंथ छापून आला 1937 मध्ये, तेल अवीवला. या समाजातल्या सणांची जुनी मराठी नावे त्यात नोंदवलेली आहेत. नवे वर्ष म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दार फाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे बंद करून घरात बसायचे. आणि पेसाहचे नाव अनशी ढाकायचा सण. आंबट, आंबवलेले तोंडीलावणे ज्या भांड्यात असे, ते भांडे झाकून ठेवायचा सण.

हे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्या पानावरच थांबले. रोजच्या जेवणात भात आणि भाकरी असलेल्या कोकणातल्या घरात आंबवलेला पाव नव्हताच, तर तो टाळणार कसा? पण घरात एक आंबट भांडे होते. ते झाकले गेले. धर्मग्रंथ जवळ नाहीत, हिब्रू बहुतांशी विसरलेली, इजिप्तच्या कथेचे तपशील पुसट झालेले. तरीही वर्षातल्या त्या दिवसांत आंबलेले खायचे नाही एवढे हातांच्या लक्षात राहिले. काय खायचे हे विसरता येते; काय खायचे नाही हे एवढ्या सहज विसरले जात नाही, असे मला वाटते.

पुढे कोचीनचे शिक्षक आले, मुंबईत छापखाने आले आणि ग्रंथही आले. पेसाहच्या रात्री जेवणापूर्वी वाचायच्या पोथीला हागादा म्हणतात. तिची हिब्रू-मराठी आवृत्ती मुंबईत 1846 मध्ये शिळाप्रेसवर छापली गेली आणि पुण्यात 1874 मध्ये आणखी एक निघाली. पुण्याच्या प्रतीत चित्रे आहेत. त्यांत मात्सा करणाऱ्या बायका साडीत आहेत. इजिप्तमधून सुटलेल्यांची गोष्ट मराठीत वाचणाऱ्या घरांना आपले स्वयंपाकघर त्या पोथीत दिसले असणार.

मावशींच्या घरी सणाआधी भिंतींना चुना लागायचा आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई व्हायची. त्या चार दिवसांत चाळीच्या अंगणात कल्हईवाल्याचा भाता आणि नवसागराचा वास असे. त्यांच्याकडे सणात तांदूळ चालायचा; अश्केनाझींचा निर्बंध बेने इस्रायलांनी स्वीकारला नाही. आणि मला दिलेला तो खजुराचा शिरा म्हणजे हारोसेत, इजिप्तमध्ये विटा पाडताना कालवलेल्या चिखलाचे प्रतीक. युरोपात तो सफरचंद आणि अक्रोडाचा करतात. कोकणात खजूर भिजवून, शिजवून, गाळून, आटवून केला गेला. चॉकलेट त्या ताटात कुठेच नव्हते.

ते आले कुठून? लोकप्रिय लेखांतून एक कथा आढळते. स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी फ्रान्सला चॉकलेट दिले आणि पेसाहचा चॉकलेट केक ही त्याच वारशाची खूण आहे, अशी. या कथेचा पहिला भाग बराच खरा आहे. दुसरा तपासून घ्यावा लागतो.

1492 मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले. पुष्कळ जण शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले. 1496 मध्ये तिथेही हद्दपारीचा हुकूम निघाला आणि 1497 मध्ये बहुतेकांचे सक्तीने धर्मांतर झाले. वरकरणी ख्रिस्ती झालेली ही कुटुंबे पुढच्या दोन शतकांत हळूहळू बाहेर पडत राहिली. काही नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बायोन शहरी आली. शहराच्या आत त्यांना जागा नव्हती; अदूर नदीपलीकडच्या सँ-एस्प्री या वस्तीत ती राहिली. कोको भाजायचा, दगडी पाट्यावर गरम करून वाटायचा आणि साखर-मसाले घालून त्याच्या वड्या पाडायच्या, हा धंदा बायोनमध्ये त्यांनी आणला. सकाळी आपली अवजारे घेऊन ते पूल ओलांडून गिऱ्हाइकांच्या घरी चॉकलेट वाटायला जात. शहरातल्या ख्रिस्ती कारागिरांनी ही विद्या उचलली, आणि मग ज्यांच्याकडून ती घेतली त्यांनाच अडवायला सुरुवात केली. 1761 मध्ये बायोनच्या चॉकलेटवाल्यांचा संघ स्थापन झाला आणि ज्यूंना शहरात हा धंदा करण्यास बंदी आली. सँ-एस्प्रीचे ज्यू न्यायालयात गेले. 1767 मध्ये बोर्दोच्या उच्च न्यायपीठाने त्या संघाची नियमावली रद्द ठरवली.

अटलांटिकच्या पलीकडेही हाच क्रम दिसतो. मार्टिनिक बेटावर कोकोच्या धंद्याच्या आरंभाशी सतराव्या शतकातल्या बेंजामिन द अकोस्ता द आंद्रादे या ज्यू व्यापाऱ्याचे नाव जोडले जाते. 1685 च्या फ्रेंच वसाहतींच्या गुलामविषयक कायद्याचे पहिलेच कलम ज्यूंना बेटांवरून हाकलण्याचे होते.

हा इतिहास खरा असला तरी त्यातून पेसाहचा केक निघत नाही. बायोनच्या त्या वड्या खाण्यासाठी नव्हत्या, पाण्यात किंवा दुधात घोळून पिण्यासाठी होत्या. 1828 मध्ये हॉलंडमध्ये व्हान हौटन यांच्या दाबयंत्राने कोकोतली चरबी वेगळी काढता येऊ लागली. 1847 मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खायची वडी काढली. 1879 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटून मऊ करण्याची युक्ती शोधली. त्यानंतरचे चॉकलेट जिभेवर विरघळू लागले आणि केकच्या मिश्रणात एकजीव होऊ लागले. तेव्हा वितळवलेल्या चॉकलेटचा घरगुती केक हा फार तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. स्पेनमधून निघालेल्या कुणा आजीने तो गाठोड्यात बांधून आणलेला नाही.

गाठोड्यात आले ते बदाम. इबेरियातल्या अरबी आणि ज्यू स्वयंपाकात बदामाचे कूट, साखर आणि अंडी यांचे गोड पदार्थ मुरलेले होते. ऑटोमन राज्यात आश्रय घेतलेल्या सेफार्दी ज्यूंनी इस्तंबूल आणि सालोनिकात आपल्या अंड्याच्या हलक्या केकला ‘पान दे एस्पान्या’, स्पेनचा पाव, हे नाव ठेवले. कैरोत जन्मलेल्या क्लॉडिया रोडेन यांनी 1968 मध्ये मध्यपूर्वेतल्या स्वयंपाकावरचे आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात संत्री सालीसकट उकडून, वाटून, अंडी आणि बदामाच्या कुटात घालून केलेला सेफार्दी केक आहे. त्यात पीठ नाही आणि लोणीही नाही. माझ्या केकचा सांगाडा नेमका हाच. फक्त संत्र्याच्या जागी चॉकलेट.

दुसरी वाट व्हिएन्ना आणि बुडापेस्टची. तिथल्या टोर्ट नावाच्या केकमध्ये अक्रोड किंवा हेझलनटचे कूट आणि फेटलेली अंडी यांवरच भर असे. पीठ थोडे किंवा मुळीच नसे. ज्यू घरांना पेसाहसाठी त्यात फारसे बदलावे लागले नाही. चॉकलेट स्वस्त झाल्यावर ते या टोर्टमध्ये आले. 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि या घरांतले जे वाचू शकले ते लंडन, हैफा, न्यूयॉर्क असे पांगले. व्हिएन्नाहून निसटलेल्या स्टीफन क्लाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये बार्टन्स हा मिठाईचा व्यवसाय उभा केला. त्यांची दुकाने शब्बाथला बंद असत आणि पेसाहच्या चॉकलेटसाठी ती विशेष प्रसिद्ध झाली. पुढे 1980 च्या सुमारास अमेरिकी हॉटेलांत बिनमैद्याचा चॉकलेट केक ही एक फॅशनच झाली. तिथून तो मासिकांत, आणि एका मासिकातून ठाण्याच्या चाळीत.

या केकला एक जन्मस्थान नाही. नियम प्राचीन, बदाम मध्ययुगीन, चॉकलेट यंत्रयुगातले, कृती विसाव्या शतकातली. त्यामुळे त्याला ‘परंपरागत’ म्हणावे की नाही, यावर मी बरेच दिवस अडले होते. उत्तर मिळाले ते मावशींच्या त्या कांद्याच्या प्रश्नात.

आपल्या एकादशीच्या ताटाकडे पाहा. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. तो कंद दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, सगळे अमेरिकेतले. पोर्तुगीज जहाजांतून ते आपल्या किनाऱ्याला लागले. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला आहे. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या एकाही वारकऱ्याने साबुदाण्याची खिचडी खाल्लेली नाही. तरी आपण तिला फराळ म्हणतो आणि त्यात काही चूकही नाही. उपासाचे जुनेपण धान्य वगळण्यात आहे. त्या मोकळ्या जागेत जे बसले ते काळानुसार बदलले. एका घरात जिरे आणि कोथिंबीर चालते, दुसऱ्यात चालत नाही. अगदी तसाच तांदळावरून अश्केनाझी आणि बेने इस्रायल यांच्यात फरक. आणि जिथून आपला शेंगदाणा आला, त्याच खंडातून त्यांचा कोकोही आला.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. कॅरिबियन बेटांवरचा कोको गुलामांनी पिकवला. गुलामीतून सुटल्याच्या सणाला खाल्ल्या जाणाऱ्या गोडाच्या मुळाशी दुसऱ्यांची गुलामी आहे. आज जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो आणि तिथल्या मळ्यांत लहान मुले राबतात, हेही आता लपलेले नाही. अमेरिकेतले काही ज्यू गट म्हणूनच बालमजुरीविना पिकवलेल्या कोकोचे चॉकलेट पेसाहसाठी घ्या, असा आग्रह धरतात. वगळण्याच्या यादीत ही एक नवी भर म्हणायची. नियम जिवंत असेल तर त्याला असे नवे प्रश्न पडणारच.

पुढच्या वर्षी मी तो केक पुन्हा केला, पण मावशींच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या सणाच्या पातेल्यात, सणाच्याच डब्यात. दोनशे ग्रॅम काळे चॉकलेट गरम पाण्यावर धरून वितळवले. त्यात अर्धी वाटी तेल, दीडशे ग्रॅम साखर, सहा अंड्यांचे पिवळे आणि दीडशे ग्रॅम बदामाचे कूट घातले. पांढरे फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळले. डब्याला तेल लावून वर बदामाचेच कूट भुरभुरवले. ओव्हन आमच्या घरचा चालणार नव्हता, म्हणून मावशींनी गॅसवर जाड तवा ठेवला, त्यावर डबा, वर झाकण. पाऊण तासाने केक फुगला आणि खाली उतरवल्यावर मधोमध बसला.

‘बिघडला,’ मी म्हटले.

‘नाही गं,’ मावशी सुरी पुसत म्हणाल्या, ‘त्याला धरून ठेवायला आत पीठ नाही. तो बसणारच.’

त्या रात्री मावशींच्या टेबलावर खजुराच्या शिऱ्याशेजारी तो केक होता. पुढे मावशींची मुले इस्रायलला गेली, मग मावशीही गेल्या. आता पेसाह जवळ आला की अश्दोदहून त्यांच्या सुनेचा फोन येतो. ती मराठीत विचारते, बदाम किती घ्यायचे. तिच्या घरी तो ‘ठाण्याचा केक’ म्हणून ओळखला जातो.